उजव्या डोळ्यानं पाहिलेल्या काठ्या

माझ्या वडिलांचा उजवा डोळा गेला तो माझ्या देखत गेला. एका दिवसात नाही, चांगले आठ-नऊ महिने घेऊन गेला, आणि त्या आठ-नऊ महिन्यांत मी त्यांच्याशी भांडत होते. कशावरून, तर काठी सरळ आहे की वाकडी, यावरून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाण्यासारखं काही बोलले तर वाचणाऱ्यानं त्यावर फार विसंबू नये.

आप्पा कातारी काम करायचे. म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला गोल आकार द्यायचा. मूळ गाव घोटीजवळचं, पण लग्नाआधीच ते नाशकात आले आणि भद्रकालीच्या मागच्या एका गल्लीत त्यांनी दुकान टाकलं. पुढे लेथ, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. लाटणी, पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, त्र्यंबकच्या दुकानदारांसाठी भोवरे नि खुळखुळे. घरात जिकडेतिकडे भुसा. डाळीत भुसा, दप्तरात भुसा, आईच्या वेणीत भुसा. शाळेत मुली मला 'भुसकट' म्हणायच्या आणि मी त्यांना मारायचे. हात तेव्हापासून चालायचा, जीभ नंतर चालायला लागली.

नव्वदीच्या शेवटी शेवटी कॉलेज रोडला, गंगापूर रोडला पूल पार्लरं निघाली. काचेची दारं, आत हिरव्या कापडाची टेबलं, आणि भर दुपारी कसलीच घाई नसलेली कॉलेजची पोरं. अशाच एका पार्लरचे मालक एक दिवस आमच्या दुकानात आले. हातात खेळायची स्टिक होती, दोन तुकडे एकमेकांत पिळून जोडलेली. "मिस्तरी, हिला सरळ करता येईल का? टेबलावर लोळवली की उड्या मारते," ते म्हणाले आणि त्यांनी ती आमच्या फळीवर लोळवून दाखवली. खरंच उड्या मारत होती.

आप्पांनी तिचा जोड उघडला. दोन्ही तुकडे एकेक करून डोळ्याला लावले आणि म्हणाले, "दोन्ही सरळ हायेत, शेठ. खोट जोडात हाय." त्यांनी जोडाच्या आट्यांत अडकलेला, टोकाला घासायच्या खडूचा कण सुईनं काढला, तुकडे पुन्हा जोडले आणि काठी लोटली. ती फळीवरून शहाण्यासारखी गेली. मालक बघतच राहिले. आप्पा म्हणाले, "लोळवून टेबल कळतं, जोड कळतो. काठी डोळ्यानं बघावी लागती."

तेव्हापासून पार्लरवाल्यांची रीघ लागली. ते स्टिक म्हणायचे, आप्पा शेवटपर्यंत काठीच म्हणत राहिले. बाहेरून नवा माल आला की आधी आमच्याकडे यायचा. आप्पा तो निवडायचे. सरळ काठ्या उजव्या भिंतीला, वाकड्या डाव्या. वाकड्या काठीवर जिथे बाक असेल तिथे पेन्सिलीचा एक ठिपका.

त्यांची बघायची रीत ठरलेली होती. काठीचा पुढचा, बारीक होत जाणारा तुकडा घ्यायचा. त्याचं टोक खिडकीच्या खालच्या चौकटीवर टेकवायचं, जाड बाजू गालाशी आणायची, डावा डोळा गच्च मिटायचा आणि उजव्यानं काठीच्या अंगावरून थेट टोकापर्यंत बघायचं. मग दोन बोटांनी काठी हळूहळू फिरवायची. सरळ काठीची कड जागची हलत नाही. बाक असेल तर कड एकदा वर येते, एकदा खाली जाते. "बाक काठीबरोबर फिरला पाहिजे," ते सांगायचे. "फिरला नाय तर तो काठीत नाय. उजेडात असंल, सावलीत असंल, दुसरीकडं कुठंतरी असंल. तिथं शोधायचा." हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल आणि दहाही वेळा मी वैतागले असेन.

मी तोवर डिप्लोमा करून अंबडच्या एका कंपनीत लागले होते, तपासणी विभागात. दिवसभर लोखंडी शाफ्ट मोजायचे, पास-नापास करायचे, चिठ्ठीवर सही ठोकायची. त्या खात्यात मी पहिलीच बाई, त्यामुळे माझा आवाज जरा चढाच असायचा, आणि तो कंपनीच्या दारात उतरवून ठेवायची अक्कल मला नव्हती. घरी येऊनही मी मोजमापाच्याच गोष्टी करायचे. "आप्पा, आमच्याकडे दर सहा महिन्यांनी प्रत्येक हत्यार तपासून घेतात. तुमच्या डोळ्याचं काय?"

"माझ्या डोळ्यानं पास केलेली काठी चाळीस वर्षांत कुणी परत नाय आणली," आप्पा म्हणायचे. काठ्या येऊन तर सात-आठच वर्षं झाली होती, पण लाटणी नि पलंगाचे पाय धरून त्यांचा हिशोब बरोबर होता.

आई आतून म्हणायची, "बापलेकीत कोण जास्त हेकट हाय त्याचीबी एक चिठ्ठी फाड."

मग ते वर्ष आलं. दोन हजार सहा असेल, फार तर सात. श्रावण चालू होता. त्या पहिल्या पार्लरच्या मालकांनी नव्या बारा स्टिका निवडायला पाठवल्या होत्या. संध्याकाळी मी कंपनीतून आले तेव्हा उजवी भिंत रिकामी होती. बाराच्या बारा काठ्या डाव्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीचा ठिपका होता. मला ते बघून कसंतरीच झालं. कारण कळलं नाही, पण ठिपके सगळे एकाच उंचीवर होते.

"सगळ्या वाकड्या?" मी विचारलं.

"लाकडानं पाणी धरलंय," आप्पा म्हणाले. "लय ओल हाय यंदा."

पटण्यासारखं होतं. आमच्या घराची दारं श्रावणात फुगायचीच, कडी लागायची नाही. आप्पांनी त्यातल्या सहा काठ्या आधी सरळ करायला घेतल्या. फडक्यानं जोरजोरात घासून लाकूड गरम करायचं, गुडघ्यावर ठेवून अंगठ्यांनी दाब द्यायचा आणि मग तुळईच्या खिळ्याला दोरीनं लटकवून खाली वजन बांधायचं. आमच्या दुकानात छपरापासून काठ्या लोंबकळत होत्या आणि वारा आला की एकमेकींवर आपटत होत्या. आईनं दोन दिवस ते सहन केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काढा ते. मला ते बरं दिसत नाय."

त्यांनी काढल्या, डोळ्याला लावल्या आणि पुन्हा घासायला घेतल्या. बाक तिथेच होता.

एका सकाळी मी डबा भरत होते, कंपनीची बस शालिमारच्या थांब्यावर यायची वेळ झालेली. आप्पा खिडकीपाशी काठी धरून उभे होते. ते मागे वळून मला म्हणाले, "एक नवल सांगू का? काठी फिरवतो, पण बाक फिरत नाय. कशीबी फिरव, तो तिथंच ऱ्हातो."

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. त्यांचा चेहराही आठवतो. तक्रार नव्हती त्यावर, कोडं पडलेल्या माणसाचा चेहरा होता. ते मला विचारत होते. आख्ख्या नाशकात ज्या एका माणसाला त्यांनी तो नियम शिकवला होता, त्याला विचारत होते.

मी डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "मग तुमची खिडकी वाकडी असेल," आणि बस पकडायला पळाले.

आणि त्यांनी ते खरं मानलं. संध्याकाळी मी घरी आले तर चौकटीला ओळंबा लटकत होता. खिडकी सरळ निघाली होती. मग त्यांनी तिच्या काचा धुतल्या. मग मागच्या दारात उभं राहून बघितलं. मग शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन, कठड्यावर टोक टेकवून, भर उन्हात बघितलं. रोज नवी जागा. गल्लीतले लोक विचारायला लागले, मिस्तरी काठी घेऊन कुठे फिरतात? मला लाज वाटायला लागली. एक दिवस ते गच्चीवरून घामाघूम होऊन उतरले आणि म्हणाले की तिथला उजेडही बरोबर नाही, तेव्हा मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!"

आई कणीक मळत होती, तिचे हात थांबले. काठी कोपऱ्यात ठेवून आप्पा लेथपाशी जाऊन बसले, पण लेथ चालू केला नाही.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती. एका बाईनं लाटणं परत आणलं, मधेच बारीक झालेलं. एका गिऱ्हाइकानं पलंगाचे चार पाय नेले, त्यातला एक कंबरेत खोल गेलेला. आप्पा लेथवर दोन्ही डोळे उघडे ठेवून काम करायचे तोवर सगळं ठीक असायचं. शेवटी एकदा ते नग उचलून डोळ्याला लावायचे, डावा डोळा मिटायचे, आणि मग नसलेला फुगवटा काढायला पुन्हा पटाशी धरायचे. हे मला आज कळतं. तेव्हा मी आईला म्हणाले, "वय झालं. हात थरथरतो त्यांचा."

हात थरथरत नव्हता. मी तो बघितलासुद्धा नव्हता.

मग पार्लरचे मालक स्वतः आले. आप्पांनी 'सरळ' करून पाठवलेल्या सहा काठ्या त्यांच्या बगलेत होत्या. त्या आता खरोखर वाकल्या होत्या, मलाही नुसत्या नजरेनं दिसत होतं. मालक भला माणूस. ओशाळून म्हणाले, "मिस्तरी, पोरं म्हणतात, आधी बऱ्या होत्या."

"पोरांना काय कळतंय," आप्पा म्हणाले. असं तोडून ते गिऱ्हाइकाशी कधी बोलत नसत.

"तसं नाही, पण राहिलेल्या तशाच असू द्या. मी नंतर नेतो," एवढं म्हणून मालक गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात काही बिनसलंय का, असं विचारणारी ती नजर होती. मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता त्या राहिलेल्यांपैकी एक काठी उचलली, आप्पांनी वाकडी ठरवलेली पण अजून हात न लावलेली. जुन्या चादरीत गुंडाळली आणि बसमधून अंबडला नेली. आमच्या खात्यात काळ्या दगडाची एक जाड लादी होती, आरशासारखी सपाट. तिच्यावर इंग्रजी व्हीच्या खाचेचे दोन ठोकळे ठेवायचे, खाचांत शाफ्ट ठेवायचा, वरून डायलची सुई टेकवायची आणि शाफ्ट फिरवायचा. वाकडा असेल तर सुई नाचते. मी जेवणाच्या सुट्टीत काठी चढवली. ती बारीक होत जाते म्हणून एकेका जागी सुई टेकवून, आठ ठिकाणी मोजली. ठिपका होता तिथे तर तीन-तीनदा मोजली. सुई केसभर हलत होती, बस्स. एवढी सरळ काठी कारखान्यातून नवी निघाली तर बनवणाऱ्याला शाबासकी द्यावी.

मला इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला. मी कंपनीची तपासणीची चिठ्ठी घेतली, आठही आकडे लिहिले, खाली सही केली आणि हिरवा शिक्का मारला. नियमात बसत नव्हतं, पण मारला.

घरी येऊन मी चिठ्ठी आप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट वाचली. वाचता येत होतं त्यांना, आकडा न् आकडा वाचला.

"मशीन खोटं नाय ना बोलत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हंजी काठी सरळ हाय."

"सरळ आहे."

ते काठी घेऊन खिडकीशी गेले. टोक टेकवलं, डावा डोळा मिटला, फिरवली. बराच वेळ फिरवत राहिले. रस्त्यावरून कुणाची तरी हातगाडी खडखडत गेली, तरी त्यांची मान हलली नाही. मग काठी खाली घेऊन, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "मग मला दिसतंय ते काय हाय?"

मी म्हणाले, "हट्ट आहे तुमचा. दुसरं काय!"

काठी सरळ आहे हे मी स्वतः मोजलं होतं. काठी फिरली तरी बाक फिरत नाही हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. आणि न फिरणारा बाक काठीत नसतो, दुसरीकडे शोधायचा असतो, हा नियम मला पाठ होता. तिन्ही गोष्टी माझ्या हातात होत्या, बेरीज तेवढी करायची होती. नुसतं एकदा म्हणायचं होतं, 'आप्पा, डाव्या डोळ्यानं बघा बरं.' ते मला सुचलं नाही, कारण मी भांडण जिंकले होते आणि जिंकलेलं भांडण कोण पुन्हा उकरतं?

आप्पांनी सगळ्या काठ्या पार्लरला परत पाठवल्या आणि काठ्यांचं काम बंद केलं. इतकंच नाही, त्या दिवसानंतर त्यांनी कुठलीच वस्तू डोळ्याला लावली नाही. लाटणी फक्त बोटांनी चाचपून द्यायला लागले. म्हणजे एक डोळा मिटून बघायची जी एकच वेळ त्यांच्या दिवसात होती, तीही गेली. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सगळं सांभाळून घेत होता, आणि आम्हाला काही कळत नव्हतं. उजव्याच्या आत काय चाललंय ते सांगणारी एकच गोष्ट घरात होती, ती मी शिक्का मारून बंद करून टाकली.

दिवाळीच्या सुमाराला आई एकदा म्हणाली, "त्यांचे डोळे दाखवून आण गं."

"पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात. काय झालंय डोळ्यांना?" मी म्हणाले. पुरावा चोख होता माझा. नेहमीच असायचा.

रंगपंचमीला ते उघड झालं. आमच्याकडे धुळवडीला कुणी रंग खेळत नाही, खेळतात तो पंचमीला. जुन्या नाशकात रस्त्यातल्या रहाडी उघडतात. दगडी हौद असतात ते, वर्षभर मातीखाली झाकलेले, त्या दिवशी रंगाच्या पाण्यानं भरतात आणि माणसं त्यांत उड्या मारतात. दुपारपासून गल्लीतून ढोल आणि ओली माणसं वाहत होती. आप्पा उंबऱ्यावर उभे राहून बघत होते. जाता जाता कुणीतरी ओळखीच्यानं "मिस्तरीऽ" म्हणून मूठभर कोरडा रंग उडवला, तो नेमका त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला.

ते डोळा दाबून खाली बसले. मी तांब्या घेऊन धावले, त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "हात काढा, पाणी मारते."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. डावा डोळा तळव्याखाली, उजवा सताड उघडा. तो उजवा डोळा माझ्यावर रोखलेला होता आणि तरी तो माझ्याकडे बघत नव्हता.

"कोन?" ते म्हणाले.

"मी आहे, आप्पा."

"आवाज तुझा हाय." त्यांनी मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली. "तुझे कान दिसतेत. ओढणी दिसती. तोंड कुठंय?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलेसुद्धा. मग त्यांनी मोकळा हात पुढे केला आणि माझं नाक, गाल, कपाळ चाचपायला सुरुवात केली, जशी ते लाटणी चाचपायचे तशी. "मधी काय नाय गं," ते म्हणाले. "धूर हाय नुसता." बाहेर ढोल एवढ्या जोरात वाजत होते की आईला आतून काहीच ऐकू गेलं नाही. तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर सांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत औषध घातलं, आतले फोटो काढले आणि मला पडद्यावर दाखवले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध, जिथून माणूस बारीक आणि सरळ असं सगळं बघतो, तिथे एक पांढुरका व्रण होता. डॉक्टर म्हणाले, "आधी तिथे आतून पाणी झिरपलं असणार. पडदा फुगतो, मग रेघा वाकड्या दिसायला लागतात. आता यावर इंजेक्शनं निघाली आहेत, पण ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत द्यावी लागतात. व्रण झाल्यावर उपयोग नाही." मग ते आप्पांकडे वळले. "आजोबा, मधे कधी सरळ वस्तू वाकड्या दिसत होत्या का? दाराची चौकट, विजेचा खांब?"

मला वाटलं, आता सांगतील. काठ्यांचं सांगतील, गच्चीचं सांगतील, चिठ्ठीचं सांगतील.

"नाय," आप्पा म्हणाले. "कायच कळलं नाय, साहेब."

"घरात कुणाला बोलला नाहीत?"

"कळलंच नाय तर बोलणार काय?"

खोटं बोलत होते. आयुष्यात त्यांनी वाकड्या लाकडाला सरळ म्हटलं नव्हतं, आणि तिथे माझ्यासाठी खोटं बोलत होते. मी बोलायला पाहिजे होतं. एरवी कुणी न विचारता बोलणारी मी, त्या खुर्चीत दातखीळ बसल्यासारखी गप्प बसून राहिले. मला माझी इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही.

डॉक्टरांनी डावा डोळा तपासला. तो चांगला होता, पण तिथेही काही ठिपके होते. तोही त्याच वाटेनं जाईल का? जाईल किंवा नाही जाणार. कधी? सांगता येत नाही. त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर बारीक चौकटी आखलेल्या होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका. "रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा आणि डाव्यानं ठिपक्याकडे बघायचं. एकसुद्धा रेघ वाकली, तुटली, तर त्याच दिवशी यायचं. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही."

तो कागद मी दुकानाच्या खिडकीशेजारी भिंतीला चिकटवला. रोज आंघोळ झाली की, चहाच्या आधी, आप्पा त्याच्यासमोर उभे राहायचे. तळव्यानं उजवा डोळा झाकायचे. मी मागे उभी. "रेघा?" मी विचारायचे. "सरळ," ते म्हणायचे. मग चहा.

पहिले काही महिने बरे गेले. मग मला झोप लागेनाशी झाली. दिवसभर मी कंपनीत मोजून सह्या करायचे आणि घरी एका शब्दावर भागवायचे, तो शब्द खरा आहे की खोटा हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. डॉक्टरांसमोर ते किती सहज खोटं बोलले होते ते मी ऐकलं होतं. माझ्या जिवाला घोर नको म्हणून रोज नुसतंच 'सरळ' म्हणत असतील तर? ते चहाचा कप ठेवायचे तेव्हा मी कपाकडे बघायचे. पायरी उतरायचे तेव्हा पायाकडे बघायचे. एकदा त्यांनी भिंतीला हात टेकवला तर मी ओरडलेच, आणि ते दचकून पडता पडता वाचले.

शेवटी मी माझ्या स्वभावाला साजेसं केलं. तसाच एक कागद पट्टीनं आखला, एक रेघ मुद्दाम जराशी झुकवली आणि सकाळी खऱ्या कागदावर चिकटवून ठेवला. आप्पा आले, डोळा झाकला, बघायला लागले. मी "रेघा?" म्हणाले.

"खालनं चौथी," ते म्हणाले. "पट्टी हालली तुझी."

मग ते हसायला लागले. इतक्या महिन्यांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. "बापाची परीक्षा घेती व्हय गं? कंपनीचा शिक्का कुठंय?" मी हसले, रडले, दोन्ही केलं. आई आतून विचारत होती काय झालं, आणि आप्पा तिला ओरडून सांगत होते, "पास झालो! पास झालो!" मी तो खोटा कागद फाडून टाकला. तुमची पुन्हा परीक्षा घेणार नाही, असं मी त्यांना म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली. ते अधूनमधून चिडवायचे, "आज बदललास का कागद?" मी नाही म्हणायचे. ते बघून "सरळ" म्हणायचे.

वर्षाहून जास्त काळ असा गेला.

थंडीतली सकाळ होती. कंपनीत बाहेरून तपासणीला माणसं येणार होती, म्हणून मी लवकर आवरून, ओळखपत्र गळ्यात घालून तयार होते. आप्पा आंघोळ करून आले, अंगात नुसतं बनियन, केस ओले. त्यांनी तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि कागदासमोर उभे राहिले. मी पर्स चाचपत "रेघा?" म्हणाले.

ते नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबले. मग त्यांच्या खांद्यांत हसू आलं.

"परीक्षा नाय घेणार म्हनली होतीस ना?" ते म्हणाले. "घेतलीसच. पण ओळखलं बघ मी. ह्या टायमाला एक नाय, तीन रेघा वाकवल्यास."

मी कागद बदललेला नव्हता.

ते वळले. चेहरा खुललेला होता, शाळेतून बक्षीस आणलेल्या पोरासारखा. "सांग की. बरोबर ओळखलं का नाय?"

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून फळीवर ठेवलं. "बरोबर, आप्पा," मी म्हणाले. "शर्ट घाला. आपल्याला जरा बाहेर जायचंय."